डावीकडे वाकणारं पातं

टेकचंदजींच्या घरातला हातमाग विकून बरीच वर्षं झाली होती, तरी मागच्या अंगाची ती लांबट खोली ‘मागाची खोली’च राहिली होती. मोहाडीच्या त्या घरात त्यांनी उभी हयात लुगडी विणण्यात घालवली. पाय सोडून बसायचा जमिनीतला खड्डा बुजवायचा राहूनच गेला होता, आणि आता त्या खड्ड्यात तेलाचा डबा उभा असायचा. तो त्यांच्या सुनेने, रेणूने ठेवला होता.

रेणू तहसील कचेरीत कॉम्प्युटरवर बसायची. मोबाइलवर कुणाला तरी लोखंड ठोकून चाकू करताना तिने पाहिलं आणि तिचं डोकं त्यातच अडकलं. भंगारातून ट्रकच्या ब्रेकचा ड्रम आणून तिने भट्टी केली. हवा द्यायला केस वाळवायचं मशीन, ऐरणीच्या जागी बंद पडलेल्या धानगिरणीतला लोखंडी ठोकळा. ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी कमानीचे तुकडे तापवून रविवारी सकाळी तिची ठोकाठोक सुरू व्हायची. तिचा नवरा अंकुश एसटीत कंडक्टर. तो “बोटं सांभाळ” एवढंच म्हणाला आणि ड्युटीवर गेला. सासू कौशल्याबाई मात्र रोज एकदा तरी विचारायच्याच, “घरी पावशीवर भाजी चिरते आपण. मंग हे चाकू कायले पायजे?”

“पायजे म्हणून नाई करून राहिली, आई. कसं होते थे पाहून राहिली,” रेणू म्हणायची.

टेकचंदजी त्या खोलीकडे फिरकत नसत. एका रविवारी मात्र चहाला बोलवायला म्हणून ते दाराशी गेले. रेणू सांडशीत धरलेल्या लालभडक पात्याला लोहचुंबक लावत होती, आणि चुंबक काही चिकटत नव्हतं.

“चुंबक खराब झालं का व?”

“नाई मामाजी, चुंबक चांगलं आहे. लोखंड एवढं तापलं का चुंबकाले ओळखतच नाई. थंडं झालं का पुन्हा चिकटते.”

“असं कसं होईन? लोखंड म्हणजे लोखंडच ना!”

रेणूने चुंबक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी स्वतः लावून पाहिलं. नाही चिकटलं. पातं काळवंडेपर्यंत ते तिथेच उभे राहिले, पुन्हा लावलं, आणि चट्‌कन चिकटलं. “बाप्पा!” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. चहाचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

पुढच्या रविवारी ते स्वतःचा पाट घेऊन खोलीत हजर.

तेव्हा त्यांना रेणूची अडचण कळली. पात्याला आकार छान यायचा. मग ते लाल करून तेलात बुडवायचं, म्हणजे लोखंड कडक होतं आणि धार टिकते. तेल तळणातलं उरलेलं असल्यामुळे सगळ्या आळीत वड्यांचा वास सुटायचा, शेजारच्या सत्यभामाबाई “आज सण आहे का जी?” म्हणून डोकावून जायच्या. पण तेलातून बाहेर आलेलं पातं वाकलेलं असायचं, आणि दर वेळी डावीकडेच. एक तिने सरळ करायला घेतलं तर टण्णकन दोन तुकडे झाले.

“डावीकडेच काहून?” टेकचंदजींनी विचारलं.

“थेच तं समजून नाई राहिलं.”

हा प्रश्न त्यांच्या मागेच लागला. जेवताना ते चमचा उभा धरून बघायचे. एकदा मध्येच म्हणाले, “हवा एकाच बाजूने लागते ना भट्टीत? थे बाजू जास्त तापत असन.” रविवारी पातं उलटंपालटं करत सारखं तापवलं. डावीकडेच वाकलं. मग रेणूला वाटलं, हातोडा एका अंगाला जास्त बसत असेल. तिने दोन्ही अंगं मोजून ठोकली. पातं पुन्हा डावीकडे. टेकचंदजींनी तेलाचा डबा खड्ड्यात फिरवून ठेवायला लावला. त्याने काय होणार होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“लोखंडाची खोड असन थे,” कौशल्याबाई दारातून म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मग एक दिवस कचेरीत कपाट सरकवताना रेणूच्या मनगटाचा सांधा दुखावला. रविवारी पातं तयार होतं, भट्टी पेटली होती, पण सांडशी घट्ट धरवेना.

“आण इकडे,” टेकचंदजी म्हणाले. “मी बुडवतो.”

“चटका बसन, मामाजी.”

“तू सांग, मी करतो.”

तिने सांगितलं तसं त्यांनी पातं तेलात सोडलं, ती हलवायची तसं हलवलं. भक्‌कन ज्वाळ उठली आणि विझली. पातं बाहेर काढून दोघांनी उजेडात धरलं.

ते वाकलं होतं. उजवीकडे.

रेणू पात्याकडे बघत होती, मग तिने सासऱ्यांच्या हाताकडे पाहिलं. सांडशी डाव्या हातात होती. टेकचंदजी डावखुरे. लहानपणी मास्तरांचा मार खाऊनही हात बदलला नव्हता.

“मामाजी, पातं नाई, हात! आपला हातच वाकवून राहिला त्याले!”

तिने सळई घेऊन हवेत करून दाखवलं. उजव्या हाताने हलवताना सळई आधी एका बाजूला जायची. टेकचंदजींनी डाव्या हाताने तेच केलं. ती दुसऱ्या बाजूला. ज्या बाजूने पातं तेल कापत जायचं, ती बाजू आधी थंड होत असणार, आणि त्यानेच पातं वाकत असणार.

“म्हणजे बाजूले हलवाचंच नाई,” ते म्हणाले. “खालीवर कर फक्त. धारेच्या रेषेत.”

आधी ठोकून ठेवलेलं दुसरं पातं तापवायला त्यांना धीर निघेना. भट्टीत कोळसे टाकताना ते तरण्या माणसासारखे खाली बसले, आणि उठताना रेणूला हात द्यावा लागला. या वेळी सांडशी दोघांनी मिळून धरली. पातं सरळ खाली, सरळ वर. बाहेर काढून त्यांनी ते फरशीवर टेकवलं. खालून उजेडाची फट दिसत नव्हती.

“कौशल्या! अवं, इकडे ये!” त्यांनी इतक्या जोरात हाक मारली की कौशल्याबाई पिठाच्या हातानेच धावत आल्या, कोणी भाजलं असेल म्हणून.

“काय झालं?”

“सरळ झालं!”

कौशल्याबाईंनी पात्याकडे पाहिलं, मग घामाघूम झालेल्या नवऱ्याकडे. “एवढंच?” म्हणाल्या, पण परत गेल्या नाहीत. रेणूने पातं घासून चकचकीत केलं. कडक झालेलं पातं ठिसूळ असतं, म्हणून ते तव्यावर मंद तापवायचं होतं. तिघंही स्वयंपाकघरात आली. थोड्या वेळाने त्या पांढऱ्या पोलादावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग उतरू लागला, कडेला जांभळी झाक.

“रंग कोणी टाकला यात?” कौशल्याबाईंनी विचारलं.

“कोणीच नाई, आई. आपोआप येते.”

“आपोआप कसा येईन?”

टेकचंदजींनी चष्मा पुसला आणि तव्याजवळ पाट ओढून घेतला.