चपलांची डोलकाठी

मी एक जुनी डोलकाठी आहे. मित्रांनो, मला पाडायचा प्रयत्न आजवर तिघांनी केला. एका वादळानं, लाकूड खाणाऱ्या समुद्री किड्यानं आणि किनारा खात्याच्या एका साहेबांनी. वादळ येऊन गेलं. किडा अजून खातोच आहे, त्याचे दात झिजतील. साहेबांचं काय झालं ते मात्र नीट सांगायला हवं.

माझा जन्म एका सरळसोट झाडाच्या पोटी झाला. एका नावाड्यानं मला तासलं, तेल पाजलं आणि आपल्या होडीत उभं केलं. सतरा वर्षं मी शीड पेललं. वारा माझ्यावर रेलायचा आणि मी त्याला रेलू द्यायची. पुढे होडी खडकावर फुटली. तिच्या फळ्या चुलीत गेल्या. मला मात्र नावाडी खांद्यावरून घरी घेऊन आला. बायकोनं विचारलं, "हिचं काय करणार?" तो म्हणाला, "बघू. सरळ माणसाला काम मिळायला वेळ लागतो, पण मिळतं."

आमच्या किनाऱ्यावर एक गंमत आहे. ओहोटी लागली की समुद्रातून वाळूची एक लांब पट्टी वर येते. पांढरीशुभ्र, दोन्ही बाजूंना हिरवंनिळं पाणी. लोक लांबून ती बघायला येतात आणि तिच्यावरून थेट समुद्राच्या पोटात चालत जातात. पुढे ती पट्टी एका मोठ्या खडकाआड वळते, म्हणून तिचं टोक किनाऱ्यावरून दिसत नाही. आणखी एक खोडी आहे. ती किनाऱ्याला जिथे जोडलेली आहे, तिथेच सगळ्यात सखल आहे. भरतीचं पाणी आधी तिथे शिरतं. टोकाशी बसलेल्याचे पाय कोरडे असतात आणि मागे त्याची वाट बुडालेली असते.

नावाडी येणाजाणाऱ्यांची डोकी मोजायचा. एकदा परत आलेल्यांत त्यानं चुकून स्वतःलाही मोजलं. संख्या बरोबर भरली, आणि एक माणूस पट्टीवरच राहिला. मासे धरायला निघालेल्या एका होडीनं त्याला उचललं म्हणून तो वाचला. दुसऱ्याच दिवशी नावाड्यानं मला त्या सखल जागेच्या अलीकडे, तीन हात खोल रोवलं. अंगावर लाकडी खुंट्या ठोकल्या आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर एक लाल पट्टा रंगवला. नियम सोपा होता. आत जाताना एक चप्पल माझ्या खुंटीला टांगायची आणि तिची जोडीदारीण नावाड्याच्या किनाऱ्यावरच्या टपरीच्या पायरीवर ठेवायची. परत आलं की आपापली काढायची. पाणी लाल पट्ट्याला लागलं आणि माझ्यावर चप्पल असली, की माणूस आत आहे. जाऊन त्याला आणायचं.

नावाड्यानंतर त्याची मुलगी टपरीत बसू लागली. तिला सगळे मावशी म्हणतात, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. पाणी पट्ट्याला लागलं की ती पत्र्याचा डबा बडवते. समुद्राकडून वारा असेल तर तो आवाज टोकापर्यंत पोचत नाही, तेव्हा चपला कामाला येतात. कुणी कुरकुर केली, की माझी चप्पल महागाची आहे, तर मावशी म्हणते, "मग एकच टांगा. एका चपलेला चोर मिळत नाही."

माझ्या अंगावर सगळ्यांनी पाय ठेवले म्हणा ना. लग्न झाल्या झाल्या आलेली जोडपी एकाच खुंटीला दोन चपला अडकवायची, आणि काही वर्षांनी तीच माणसं दोन वेगळ्या खुंट्या शोधायची. मी कुणाला काही म्हटलं नाही. लोक मला चपलांचं झाड म्हणू लागले आणि माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढू लागले.

मग फोटोंनीच घात केला. कुणीतरी वर कळवलं, की इतक्या सुंदर किनाऱ्यावर फाटक्या चपला लोंबकळतात, गचाळ दिसतं. नवे साहेब आले. बूट चकचकीत, इस्त्री कडक. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मुलगी नापसंत करायला आल्यासारखं.

"मावशी, इथे फलक लागणार. भरती-ओहोटीच्या वेळा छापलेला. ही काठी निघेल."

"फलकाला वारा कळतो का, साहेब? मागून वारा ढकलत असला तर पाणी छापील वेळेआधी येतं."

"तरी एकदा पाहून घेतो. आज सगळे वेळेत आले, काठी वेळेत रिकामी झाली, तर मी चांगलं लिहीन."

साहेबांचा शब्द चांगला होता, पण मावशीच्या डोक्यात त्यातलं एकच बसलं. काठी रिकामी व्हायला हवी.

त्या दुपारी समुद्राकडून वारा होता. मावशी साहेबांशी वाद घालत असताना एक म्हातारा शिंपी आला होता. चाळीस वर्षं मशीनवर पाय मारले, पण समुद्र पहिल्यांदाच बघत होता. त्याची चप्पल तुटलेली होती आणि पट्टा त्यानंच निळ्या जाड दोऱ्यानं शिवला होता, अगदी एकसारख्या टाक्यांनी. ती त्यानं दोन्ही हातांनी माझ्या खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "सांभाळ हं, बाई." इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं.

पाणी वेळेआधीच लाल पट्ट्याला लागलं. मावशीनं डबा बडवला. लोक आले, हसत, ओले होत, आपापली चप्पल काढून गेले. एक उरली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "ती कुणाची?"

"ती होय? कुणीतरी विसरलेली दिसतेय. बघा ना, किती ठिकाणी शिवलीय. असली कोण न्यायला परत येतंय?" आणि मावशीनं, माझ्या मावशीनं, ती चप्पल खुंटीवरून उतरवली.

मित्रांनो, लाकडाला तोंड नसतं याचं मला तेवढं एकदाच वाईट वाटलं.

"झालं बघा, साहेब. रिकामी," ती म्हणाली. साहेबांनी कागदावर खूण केली.

विसरलेल्या चपला मावशी टपरीतल्या टोपलीत टाकते. ती टोपलीकडे निघाली, आणि पायरीवर तिचा पाय अडला. तिथे दुसरी चप्पल होती. तोच निळा दोरा, तेच टाके. विसरणारा माणूस दोन्हीकडे एकेक विसरत नाही. मी इथून तिची पाठ बघत होते. ती पाठ क्षणभर दगडाची झाली. मग मावशी होडीचा दोरखंड खांद्यावर टाकून धावत आली.

"साहेब, माणूस आत आहे."

"अहो, आत्ताच तर तुम्ही म्हणालात…"

"म्हणाले. घाई केली. हे धरा." तिनं एक टोक माझ्या कमरेला आवळलं, दुसरं स्वतःच्या, आणि मधला दोर साहेबांच्या हातात दिला. "सोडत सोडत जा, पण सोडू नका."

"म्हणजे नक्की काय करू?"

"बूट काढू नका, तेवढा वेळ नाहीये."

त्याच वेळी खडकाआडून शिंपी चालत आला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, रुमालात शिंपले. पाणी पाहून तो पलीकडेच थांबला, बस येईपर्यंत माणूस थांब्यावर थांबतो तसा. मावशी छातीएवढ्या पाण्यातून त्याच्यापर्यंत गेली, त्याला आपल्याबरोबर दोरात घेतलं आणि हात वर केला. साहेबांनी ओढलं. पाण्यानं दोघांना खेचलं. सगळा भार माझ्यावर आला. माझं बूड वाळूत हललं आणि पोटात कट्कन आवाज झाला. किड्यानं जिथे खाल्लं होतं तिथे चीर गेली. मी म्हटलं, आज नाही. वादळासाठी पडले नाही, मग एका घाईसाठी का पडू? मी वाकले, पण रोवलेली राहिले.

दोघं वर आली. साहेबांच्या हाताची सालटी निघाली होती. मावशीनं विचारलं, "काका, पाणी दिसत नव्हतं का तुम्हाला?"

"दिसत होतं की. पण म्हटलं, आपली चप्पल टांगलेली आहे, कुणीतरी बोलवायला येईल."

मावशी पदरानं तोंड पुसत राहिली. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "लिहा. चूक मावशीची, काठीची नाही. दुसऱ्याची चप्पल मी काढली."

"मावशी, काठी काढायचा कागद मी इथे यायच्या आधीच वर पाठवलाय, चांगलं लिहिलं तरी तो थांबणार नाही. आता माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या?"

"वरच्यांच्या."

"वरचे कधी ओहोटीला इथे आलेत?"

फलक आला. देखणा आहे, माझा त्याच्यावर राग नाही. त्याला वेळ कळते. कोण मागे राहिलंय ते कळत नाही. आणि पुढच्या आठवड्यात ओहोटी लागताच दोन सुतार मोठी करवत घेऊन आले, मागून साहेब. मावशीनं त्यांना लांबूनच पाहिलं. भांडली नाही. आपली चप्पल माझ्या सगळ्यात वरच्या खुंटीला टांगली, दुसरी पायरीवर ठेवली आणि मागे न बघता पट्टीच्या टोकाकडे चालू लागली.

सुतारांनी करवत खाली ठेवली. थोरला म्हणाला, "साहेब, चप्पल आहे."

"मग काढा की."

"माझी नाहीये ती."

धाकटा म्हणाला, "माझीही नाही. आम्ही इथलेच आहोत, साहेब."

"बरं, मी काढतो." साहेबांचा हात वर आला. हातावरच्या नव्या कातडीचा गुलाबी रंग मला जवळून दिसला. बोटं चपलेच्या पट्ट्याशी येऊन थांबली. मग साहेब वाळूत बसले आणि बुटाची नाडी सोडू लागले. एक बूट त्यांनी माझ्या खुंटीला अडकवला, दुसरा पायरीवर ठेवून आले.

"मी पट्टीची तपासणी करून येतो," ते सुतारांना म्हणाले. "मी आल्याशिवाय हात लावू नका."

"किती वेळ लागेल, साहेब?"

"तपासणी आहे. वेळ लागतो."

पाणी लाल पट्ट्याला लागलं तेव्हा दोघं परत आली. मावशीनं आपली चप्पल काढली, साहेबांनी आपला बूट. सुतार करवत घेऊन घरी गेले. साहेबांनी कागदावर लिहिलं, की भरतीमुळे काम होऊ शकलं नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यानंतर सुतार चार वेळा आले. चारही वेळा कुणी ना कुणी आत होतं. एकदा तर शिंपी खास बसनं आला होता, नवीन चप्पल घालून.

मित्रांनो, तुम्ही कधी अशा किनाऱ्यावर गेलात तर वाळूवर खुशाल धावा, शिंपले गोळा करा. पण निघताना आपले सगळे आले का ते बघा, आणि दुसऱ्याच्या वतीनं 'तो आला' असं म्हणू नका. एखादी चप्पल जुनी आहे, शिवलेली आहे, म्हणून ती उतरवू नका. तिचा मालक विश्वासानं बसलेला असतो.

माझ्या बुडाला कीड आहे, पोटात चीर आहे, आणि वर कुठेतरी माझ्या नावाचा कागद पडून आहे. असू दे. आत्ता माझ्या खुंटीला एक चप्पल टांगलेली आहे, लहानशी, बहुतेक तुमच्याएवढ्याच कुणाची तरी. ती उतरेपर्यंत मी पडणार नाही.