उजव्या डोळ्याची कडी

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा काळा रंग कडांवर उडाला आहे. मित्रांनो, एका सुताराच्या घरी खिडकीशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली असते. पण मला स्वस्थता नाही. का, ते सांगते.

माझ्या उजव्या नळीला एक कडी आहे. ती फिरवून ज्याने त्याने आपल्या डोळ्याला जुळवून घ्यायची. मला विकत आणलं सुताराच्या बायकोने. ती टपालाचं छोटं विमान चालवायची, डोंगरातल्या वस्त्यांवर पत्रं आणि औषधं पोचवायची. ती उडाली की सुतार गच्चीवरून माझ्यातून तिला बघायचा. संध्याकाळी भांडण ठरलेलं.

"पुन्हा फिरवलीस कडी? मला सगळं धूसर दिसतंय," ती उतरल्यावर म्हणायची.

"तुझे डोळेच वाकडे, मी काय करू?"

"वाकडे होते म्हणून तर तुला पसंत केलं!"

एका सकाळी, सुतार उठायच्या आत, कडी आपल्या डोळ्याला लावून तिने माझ्यातून ढग न्याहाळले, मला खिळ्याला टांगलं आणि ती गेली. विमान परतलं नाही.

शोधपथकं निघाली. सहाव्या दिवशी हवा बिघडली, तशी ती माघारी फिरली. सुतार थांबला, आणि त्याच्यासोबत एक म्हातारा वाटाड्या. सुताराचा पाय एका जागी ठरत नव्हता. हा कडा, ती घळ, पुन्हा हाच कडा. माझ्या उजव्या नळीतून त्याला धूसर दिसायचं, म्हणून तो एक डोळा मिटून बघायचा. मिटलेला डोळा दुखायचा, उघड्यातून पाणी यायचं.

"मिस्त्री, असं काण्यासारखं काय बघताय?" वाटाड्याने विचारलं.

"कडी तिच्या डोळ्याला लावलेली आहे, काका. तिचा शेवटचा हात तिथे लागलाय."

म्हाताऱ्याने समोरच्या उतारांकडे हात केला. मग म्हणाला, "अहो, शोधायचंय तुम्हाला. बघणार तिच्या डोळ्याने? फिरवा ती."

सुताराने खिशातला चाकू काढला. कडी जिथे होती तिथे एक बारीक रेघ कोरली. रेघ सरळ आली. मग त्याने कडी फिरवली.

समोरचा उतार त्याने आधी दोनदा बघून 'नुसता बर्फ' म्हणून सोडला होता.

"काका, बर्फाची कड इतकी सरळ असते?"

"सुताराला मी काय सांगणार सरळ-वाकडं!" म्हातारा म्हणाला.

तो विमानाचा पंख होता. तिथे पोचायला दीड दिवस लागला. टपालाच्या थैल्या जागच्या जागी बांधलेल्या होत्या. ती खुर्चीतच होती. तिला खाली आणल्यावर डॉक्टर म्हणाले, "विमान पडलं त्याच दिवशी त्या गेल्या. तुम्ही लवकर पोचला असता तरी काही झालं नसतं."

सुताराने मान हलवली. तरी रोज सकाळी तो मला खिळ्यावरून काढायचा. कडी तिच्या रेघेवर, मग आपल्या डोळ्याला, पुन्हा तिच्या रेघेवर. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

काल शेजारची मुलगी मला मागायला आली. त्याने एकदा रेघेवरून बोट फिरवलं. मग त्याने मला तिच्या हातात दिलं.

"कडी फिरव," तो म्हणाला. "तुझ्या डोळ्याला लाव."

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा, आपटू नका. पण जपायचं म्हणून खिळ्याला टांगून ठेवू नका. कडी खुशाल फिरवा आणि नीट बघा. तिची रेघ धातूत कोरलेली आहे, ती कुठे जात नाही.