दुपारचा पहारा

सप्ताहाचा पाचवा दिवस होता आणि उसानं भरलेली एक ट्रॉली चौसाळ्याच्या अलीकडं भर रस्त्यात आडवी झाली होती. तसा त्या ट्रॉलीचा आणि आमच्या मारुतीच्या देवळातल्या विण्याचा काही संबंध नाही. पण ट्रॉलीमागं अंजूची स्कूटी अडकली, म्हणून अंजू पंपावर वेळेत आली नाही, आणि अंजू आल्याशिवाय रूपालीला पंपावरून हलता येत नव्हतं. देवाच्या मनात आलं की तो कुठला धागा कुठून ओढील, सांगता येत नाही.

रूपाली हायवेवरच्या पेट्रोल पंपावर कामाला आहे. निळा शर्ट, काळी पॅन्ट, डोक्याला टोपी. पहाटे जाते, दिवसभर "झिरो बघा दादा, झिरो बघा काका" म्हणत गाड्यांच्या टाक्या भरते. तिचा मुलगा गहिनीनाथ. नाव नाथांचं, वय तीन वर्षांचं, आणि सगळं गाव त्याला गहिनी म्हणतं. घरात कुणी तांब्यात पाणी ओतलं की हा पुढं येऊन सांगतो, "झिलो बग!"

नवरा प्रवीण ऊसतोडणीच्या मशीनवर. हंगामात घराचं तोंड दिसत नाही. म्हणून गहिनीला सांभाळतात त्या सासूबाई, सरूबाई. रूपालीनं पंपावर जायचं ठरवलं तेव्हा गल्लीत बरीच कुजबूज झाली होती. बाईमाणूस प्यांट घालून हायवेवर उभं राहणार म्हणे! तेव्हा सरूबाई ओट्यावर उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "रूपाली, तू जा. लेकरू माझं हाय. बघू कुणाचं काय दुखतंय ते."

त्याच सरूबाईंना या वर्षी दुपारचा पहारा मिळाला होता.

अखंड हरिनाम सप्ताहात विणा सात दिवस खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघतो तो दुसऱ्याच्या गळ्यात जातो. उभ्यानं नाम घ्यायचं, आणि बदलीचा माणूस येईस्तोवर जागा सोडायची नाही. विणा देताघेता दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. तिथं वय नाही बघायचं, नातं नाही बघायचं. सरूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा बायका फक्त लांबून बघायच्या. मग दिवसाचे पहारे बायकांना मिळायला लागले, तर दर वर्षी यांच्या घरात काहीतरी निघायचं. कधी बाळंतपण, कधी सुतक, कधी दुखणं. या वर्षी एकदाचं नाव लागलं. आमच्या गावचा रिवाज असा की घरातल्या कुणीच पहाऱ्याला उभं राहिलं नाही, तर त्या वेळी जो विणा धरील त्याचाच पुढचे सगळे दिवस पहारा. आणि शेजारच्या छबुबाई रोज त्याच वेळी पहिल्या रांगेत येऊन बसत होत्या.

"आत्याबाई, हे तर आमच्या पंपासारखंच झालं की," पहिल्या दिवशी रूपाली म्हणाली. "आमी बी बदली आल्याशिवाय हलत न्हाई."

"तुमच्या पंपावर कुणी पाया पडतं का?"

"पडत न्हाईत. हॉर्न वाजवत्यात."

पहाऱ्याच्या वेळी गहिनी कुणाकडं ठेवायचा, हा प्रश्न होता. आजी आणि आई सोडून तो कुणाच्या कडेवर टिकत नाही. मग रूपालीनं पंपावरच्या अंजूशी पाळी बदलून घेतली. अंजूनं सात दिवस दुपारच्या आधी यायचं, आणि पुढं तिच्या भावाच्या लग्नात रूपालीनं तिच्या पाळ्या करायच्या. रूपालीनं सासूला शब्द दिला होता. "सात दिवस तुमचा पहारा चुकू द्यायची न्हाई. त्यो माझ्याकडं लागला."

चार दिवस सगळं सुरळीत झालं. रूपाली यायची, आंघोळ करायची, साडी नेसायची आणि मग गहिनीला घ्यायची. आंघोळीआधी कधीच नाही. अंगाला पेट्रोलचा वास, हाताला डिझेल, असल्या अंगानं लेकराला कसं घ्यायचं? तिनं त्याला रांगत होता तेव्हापासून शिकवलं होतं, "आईला वास हाय, थांब." त्यामुळं निळ्या कपड्यातली आई दारात आली की गहिनी नाक धरून चार पावलं मागं सरकायचा. आंघोळ करून आली की मग मिठी, मग मांडी, आणि मग तिच्या आवाजातलं "विठ्ठल विठ्ठल" ऐकत झोप.

पाचव्या दिवशी ट्रॉली आडवी झाली.

अंजूचा फोन आला, "ताई, इथं ऊसच ऊस हाय. मुंगीला बी वाट न्हाई."

"अगं शेतातून काढ की स्कूटी!"

"शेतात पाणी सोडलंय. काढली तर बैल लावून वढावी लागंल."

पंपाचे मालक सर्जेराव खुर्चीत बसून ऐकत होते. रूपालीनं त्यांच्याकडं पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडं कशाला बघायलीस? मला नळी धरता येती का? मागल्या बारीला एका डिझेलच्या जीपमधी मी पेट्रोल घातलतं. थांब जरा, येईल ती."

रूपाली थांबली. "झिरो बघा" म्हणताना तिचे डोळे मशीनवर नव्हते, रस्त्यावर होते. शेवटी अंजू आली, कमरेपर्यंत चिखलानं माखलेली. रूपालीनं तिच्या हातात नळी दिली आणि आपल्या स्कूटीला किक मारली. घरी जाऊन आंघोळ करायला सवडच नव्हती. सरूबाई गहिनीला घेऊन देवळात गेल्या असणार. तिनं सरळ देवळाकडं गाडी घातली.

देवळात वेगळंच कीर्तन चाललं होतं.

मधोमध सटवा तात्या विणा घेऊन उभे. त्यांचा पहारा कधीच संपला होता. समोर सरूबाई, आणि त्यांच्या मानेला वेलीसारखा घट्ट बिलगलेला गहिनी. आदल्या रात्री कीर्तनाला उशिरापर्यंत जागा राहिला होता, त्यामुळं आज डोळ्यांत झोप आणि तोंडात भोंगा. कुणी हात पुढं केला की भोंगा वाढायचा.

"सरू, घे बाई आता," तात्या या पायावरून त्या पायावर होत म्हणाले. "राम कृष्ण हरी. माझं शुगरचं शरीर हाय. मला जायाचंय."

"कुठं जायाचंय तात्या?" टाळ धरून बसलेल्या धनश्रीनं विचारलं.

"कुठं म्हंजी? एवढ्या बायांत सांगू का आता? राम कृष्ण हरी!"

तेवढ्यात दारातून निळा शर्ट आत आला. सरूबाईंचा जीव भांड्यात पडला. "आली गं बाई! गहिनी, बघ आई आली. जा आईकडं."

गहिनीनं आईकडं पाहिलं. निळे कपडे पाहिले. मग त्यानं शिकवल्याप्रमाणं नाक धरलं आणि आजीच्या पदरात तोंड खुपसलं.

"वास हाय!" तो ओरडला. "थांब!"

सगळ्या बायका हसल्या. रूपालीही हसायला गेली, पण तिला जमलं नाही. कालच कीर्तनात महाराज सांगत होते की देव कोणत्याही वेशात येऊ द्या, भक्त त्याला ओळखतो. रूपालीनं तेव्हा अगदी मनापासून मान डोलावली होती. आता तिला वाटलं, महाराजांना म्हणावं, देवाचं तुम्ही बघा, इथं पोटचं पोरगं वेश बघून तोंड फिरवतंय.

"अरे राजा, मीच हाय. ये की." तिनं हात पुढं केले. गहिनीनं असा सूर लावला की मृदंगवाल्याचा हात थांबला.

"आता माझ्यानं न्हाई धरवत," तात्या म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "कुणीतरी घ्या. टेकवू का मी इणा खाली? टेकवू का?"

टेकवू, हा शब्द ऐकून टाळ धरलेले हात थांबले. आणि पहिल्या रांगेतल्या छबुबाई उठल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला.

"आता काय करता," छबुबाई म्हणाल्या. "देवाचं काम हाय, कुणीतरी करायाच पाहिजे. द्या तात्या."

सरूबाईंनी गहिनीच्या पाठीवरचा हात घट्ट केला आणि विण्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांनी मिळालेली गोष्ट हातातून चाललीय आणि ज्याच्यामुळं चाललीय त्याच्यावर रागही धरता येत नाही, असं ते बघणं होतं. रूपालीला ते दिसलं.

"थांबा!" ती इतक्या जोरात ओरडली की पंपावर कुणी बिडी पेटवली असती तर विझली असती. धावत नळावर गेली, साबणाच्या वडीनं कोपरापर्यंत हात धुतले, पाय धुतले, टोपी कट्ट्यावर फेकली आणि तात्यांसमोर येऊन उभी राहिली. "द्या माझ्याकडं."

"आगं बाई!" छबुबाई म्हणाल्या. "प्यांटीवर इणा?"

"इण्याला काय म्हाईत, प्यांट का लुगडं," तात्या घाईघाईनं म्हणाले. "माळ हाय का गळ्यात?"

रूपालीनं कॉलरच्या आतून तुळशीची माळ बाहेर काढली.

"मग झालं! घरचंच माणूस हाय. पहारा त्या घराचाच ऱ्हातो." तात्यांनी विणा तिच्या गळ्यात घातला. वाकून तिच्या पाया पडले, ती त्यांच्या पाया पडली, आणि आयुष्यात कधी पळाले नसतील एवढ्या वेगानं तात्या देवळामागं पळाले.

छबुबाई पदर सोडून खाली बसल्या. पहारा वाचला होता. पण रूपालीच्या लक्षात आलं, वाचला खरा, पण आता उभी आपण आहोत. जिच्यासाठी एवढी धडपड केली ती सासू खांबाला टेकून लेकरू थोपटत बसलीय. पोरगं कुणाला सोडणार नाही, म्हणजे पहारा संपेपर्यंत हे असंच. शब्द पाळला असं म्हणायचं का मोडला असं म्हणायचं, तिला कळेना.

पण गळ्यात विणा असताना विचार करत उभं राहायचं नसतं. नाम थांबलं होतं. तिनं तारेवर बोट फिरवलं आणि डोळे मिटून सुरू केलं. घाईत दुसरी चाल आठवली नाही. रोज झोपवताना म्हणायची तीच, संथ, पाळण्यासारखी हलणारी चाल.

"विठ्ठल विठ्ठल... विठ्ठल विठ्ठल..."

धनश्रीनं टाळ हलका केला. मृदंगवाल्यानं नुसत्या बोटांनी ठेका धरला. बायकांनी सूर धरला. पाचव्या दिवसापर्यंत सगळ्यांचेच गळे बसलेले होते, पण देवाला कुठं चकचकीत आवाज लागतो.

गहिनीचा भोंगा एकदम बंद झाला.

त्यानं पदरातून एक डोळा बाहेर काढला. आवाज रात्रीच्या आईचा होता. कपडे मात्र वासाच्या आईचे होते. त्यानं तिच्या पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग आजीकडं पाहिलं, जणू काही विचारत होता की हे दोन्ही एकच आहे हे तुम्ही मला आधी का सांगितलं न्हाई? मग तो आजीच्या मांडीवरून घसरला. नाक धरूनच चालत आला. मधे थांबला. एक हात नाकावर ठेवून दुसऱ्या हातानं त्यानं काळ्या पॅन्टची घडी धरली. मग नाकावरचा हातही सोडला, आणि तिच्या पावलावर बसून, गुडघ्याला गाल लावून, त्यानं डोळे मिटले.

रूपालीनं चाल आणखी संथ केली. पाऊल जराही हलू दिलं नाही.

जरा वेळानं सरूबाई पदर सावरत समोर आल्या.

"झोपला," रूपाली पुटपुटली. "आता घ्या तुमचा पहारा. पण मी हलू कशी? पायावर बसलाय त्यो."

"तू नगं हलूस. मी येते की खाली."

आणि सरूबाई वाकल्या. विणा घ्यायचा तर देणाऱ्याच्या पाया पडायचं, तिथं सासू नाही, सून नाही. एका पावलावर नातू झोपलेला, म्हणून त्यांनी दुसऱ्या पावलावर डोकं ठेवलं.

"आत्याबाई, नका ना!" रूपाली कासावीस झाली. "पायाला डिझेलचा वास येत असंल अजून."

"गप. मी इण्याच्या पाया पडतेय, तुझ्या न्हाई," सरूबाई खालूनच म्हणाल्या. मग उठता उठता हळूच म्हणाल्या, "जरासं तुझ्या बी."

रूपालीला वाकता येईना, म्हणून तिनं जागच्या जागी हात जोडून मान खाली घातली. विणा सरूबाईंच्या गळ्यात गेला. त्यांनी तार छेडली, डोळे मिटले, आणि एवढ्या वर्षांचा साठवलेला आवाज मोकळा सोडला. धनश्रीनं हळूच गहिनीला पावलावरून उचलून रूपालीच्या खांद्यावर दिलं. निळ्या शर्टावर डोकं टेकलं तरी तो जागा झाला नाही.

बाहेर पडताना छबुबाईंनी हाताला धरून थांबवलं. रूपालीला वाटलं, आता टोमणा. छबुबाई म्हणाल्या, "पोरी, चाल चांगली हाय ती. मला शिकव. माझी नात बी लवकर झोपत न्हाई."

सप्ताह यथासांग पार पडला. सरूबाईंनी उरलेले दोन्ही दिवस पहारा केला, आणि काल्याच्या लाह्या सगळ्या गल्लीला स्वतःच्या हातानं वाटल्या.

आता अडचण वेगळीच झाली आहे. रूपालीची स्कूटी दारात वाजली की गहिनी धावत येतो आणि पॅन्टला मिठी मारतो. "थांब, आईला वास हाय," ती ओरडते.

"विठ्ठल म्हन," तो वर बघून सांगतो, आणि सोडत नाही.

मग दोघांनाही आंघोळ घालावी लागते. सरूबाई बंबातलं पाणी काढून देतात. रूपाली त्याच्या डोक्यावर तांब्या धरते, तर हा साबणानं भरलेले डोळे घट्ट मिटून हात वर करतो.

"आई, आदी झिलो बग!"