दहा ते साडेअकरा, बागेत फेरी

"अगं, टोपी उकडतेस की काय?" विनय स्वयंपाकघराच्या दारातच थबकला.

सुनीती किटलीच्या वाफेवर गवताची हॅट धरून उभी होती. बोटं भाजत होती, पण हॅट काही वाकायला तयार नव्हती.

"कडा कानांवर यायला हव्यात. तेव्हाच्या बायकांच्या टोप्या अशा नव्हत्या."

"तेव्हाच्या म्हणजे?"

"दोनशे वर्षांपूर्वीच्या, इंग्लंडातल्या! शंभरदा सांगितलंय, विनय. रीजन्सी."

जेवणाच्या टेबलावर बसून अभ्यास करणाऱ्या स्वानंदीने मान वर केली. "ममा, यू आर नॉट वेअरिंग दॅट आउटसाइड, राइट?" लेक हॉलंडात, फोरबर्गच्या इंग्रजी शाळेत वाढलेली, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते असं.

सुनीतीने हॅट पुन्हा वाफेवर धरली. तिचं डोकं आधीच तापलेलं होतं, आणि ते काही हॅटमुळे नव्हे.

नऊ दिवसांनी ती बॉस्टनला निघणार होती. सुचेताकडे. पुण्याच्या हॉस्टेलात दोघींची खोली एक, चादर एक, आणि वाचनालयातून आणलेल्या त्या काळच्या जाड कादंबऱ्याही एक. एकीचं वाचून होईपर्यंत दुसरीने मागे लकडा लावायचा. तेव्हाच ठरलं होतं की आयुष्यात एक अख्खा दिवस तसा काढायचा. झुळझुळीत लांब झगे, हातमोजे, डोक्यावर टोपी, हातात हात घालून बागेत फेरी, मग चहा. नवरा नाही, पोरं नाहीत, घाई नाही. ठरलं आणि राहिलं. पुढे लग्नं झाली, एक अमेरिकेत गेली, एक हॉलंडात आली. एम.एस्सी. फिजिक्स झालेली सुनीती गेली सहा वर्षं शाळेत दुपारी थांबणाऱ्या पोरांना जेवायला घालत होती. चाळीस डच पोरांच्या डब्यांची झाकणं उघडायची, पावावरचे चॉकलेटचे दाणे टेबलावरून पुसायचे, भांडणं सोडवायची. तक्रार नव्हती तिची. पण हा एक दिवस तिला हवा होता, आणि हवाच होता. त्यासाठी तिने व्हिसाच्या रांगेत तीन तास काढले, पांढऱ्या मलमलीचे दोन झगे नि हातमोजे शिवले, आणि बॉस्टनचा नकाशा छापून दिवसाचा तासवार कागद केला. पहिलीच ओळ होती: 'दहा ते साडेअकरा, बागेत फेरी.'

आणि सुचेता? तिचा आपला नन्नाचा पाढा!

आधी म्हणाली, बागेपाशी पार्किंग मिळत नाही. सुनीती म्हणाली, मेट्रोने जाऊ. तर म्हणे, मेट्रो फार घाण असते. मग टेकडीवरच्या जुन्या विटांच्या घरांत मोडता घातला, "बघण्यासारखं काही नाही गं तिथे." जुना बंगला बघायचा तर तो म्हणे बंद. सुनीतीने चौकशी केली, तर चांगला उघडा! त्यानंतर मॉलची टूम निघाली. रीजन्सीचा झगा घालून मॉलमध्ये! सुनीतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. यायलाच नको असेल तर तसं सांग ना बाई, हे वाक्य तीनदा ओठांवर येऊन तिने गिळलं होतं.

फोन वाजला. रविवारचे पाच, म्हणजे तिकडे सकाळचे अकरा. सुचेताच होती.

"सुने, ऐक, मस्त ठरवलंय! तू आल्यावरच्या शनिवारी आपल्या मंडळातल्या बारा जणांना बोलावलंय घरी. तुला भेटायला. पावभाजी मागवलीये. झगे घालूनच बसू की आपण!"

"शनिवारी?"

"अगं, सगळ्यांना तोच दिवस सोयीचा."

"सुचे, शनिवार आपला दिवस आहे."

"आपलाच ना! घरी, निवांत..."

"बारा माणसं म्हणजे निवांत?" सुनीतीचा आवाज चढला. विनयने किटलीखालचा गॅस बंद केला आणि हॅट अलगद तिच्या हातातून काढून घेतली. "मला पावभाजी खायची नाहीये. पावभाजी मी इथे करते. मला तुझ्या मंडळाला भेटायचं नाहीये. मला तुझ्याबरोबर चालायचंय. एवढंच. वीस वर्षांत दुसरं काही मागितलं का तुझ्याकडे? नको असेल तर नको म्हण. मी तिकीट रद्द करते."

 

"चालायचंच जमत नाहीये गं," सुचेता म्हणाली.

"म्हणजे?"

"डाव्या पायातली ताकद गेलीये. नोव्हेंबरपासून वॉकर घेऊन चालते. डॉक्टर म्हणतात, उजव्यातलीही जाईल." ती हसायचा प्रयत्न करत होती. "म्हटलं, बारा जणांत मी खुर्चीत बसलेली असेन. एवढ्या गर्दीत तुझ्या लक्षात येणार नाही."

"माझ्या लक्षात येणार नाही?" सुनीती ओरडलीच. "सहा महिने मला पार्किंगच्या थापा मारतेस? गाढव आहेस तू, सुचे. अगदी गाढव!" आणि मग तिला रडू आलं. स्वानंदी वही मिटून तिच्याकडे बघत राहिली.

"रद्द करतेस का तिकीट?" सुचेताने हळूच विचारलं.

"त्या बारा जणांना रद्द कर. आत्ता, लगेच."

"आणि दिवसभर करायचं काय?"

सुनीतीने नाक पुसलं. फ्रिजवर लावलेला तो तासवार कागद काढला, टेबलावर पसरला. स्वानंदीने न मागताच तिच्याकडे पेन सरकवलं.

"हात धरला, तर किती चालता येतं?"

"काय विचारतेस!"

"पावलं किती? नीट सांग."

"वीस." सुचेता थांबली. "चांगला दिवस असला तर पंचवीस."

"वीस धरू."

सुनीतीने पहिली ओळ खोडली. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं, 'दहा वाजता, वीस पावलं.' पेन तसंच हातात राहिलं. साडेअकरापर्यंतचा वेळ रिकामा पडला होता, आणि पलीकडून सुचेता विचारत होती, "सुने, हातमोजे कोपरापर्यंत शिवलेस ना?"

"कोपरापर्यंतच," सुनीती म्हणाली.