खिळ्यावर टांगलेल्या खुरप्याची थंडी

मित्रांनो, अवजारांच्या खोलीत दाराजवळच्या खिळ्याला जे जुने खुरपे टांगलेले दिसते, ते मी. मूठ लाकडी, पाते झिजलेले, टोक मात्र अजून शाबूत. जरा वारा आला की मी भिंतीवर खटखट वाजते. लोक म्हणतात, खिळा सैल आहे. खरे कारण वेगळे आहे. एका मालट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून लोहाराने मला घडवले. तो पाटा जन्मभर धक्के खात वरखाली होत राहिला होता, आणि त्याची सवय माझ्यात उतरली. मला स्वस्थ बसता येत नाही.

मला बाजारातून आणले मावशींनी. त्या घरातच पाळणाघर चालवतात, म्हणून लहानथोर सगळे त्यांना मावशीच म्हणतात. त्यांचे यजमान म्हणजे काका. ते शिंपी होते. हात थरथरू लागले तसे त्यांनी दुकान बंद केले आणि सगळी कारागिरी घरापुढच्या हिरवळीवर चालवली. सुरुवातीला माझे फार कौतुक होते. काम झाले की काका मला पुसायचे, पात्यावरून तेलाचे बोट फिरवायचे. मग घरात गवत कापायचे यंत्र आले. ते घरघर करत एका दमात हिरवळ सपाट करी. मी खिळ्यावर गेले आणि माझ्या मुठीत कोळ्याने बिऱ्हाड थाटले.

यंत्र गवत कापते, तण मुळासकट उपटत नाही. त्याचा परिणाम मागच्या वर्षीच्या वसंतात दिसला. हिरवळीवर रांगणाऱ्या एका चिमुरडीच्या गुडघ्यात काटा घुसला. एक तण असते, जमिनीला चिकटून पसरणारे, गाजरासारख्या बारीक पानांचे. थंडीत ते अगदी मऊ असते. ऊन तापू लागले की त्याच्या बियांना काटे फुटतात. काका त्याला 'टाचणी' म्हणत.

चिमुरडीची आई दवाखान्यात नर्स होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "मावशी, यंदा मी तिला घरीच ठेवते. पुढच्या वसंतात येऊन बघेन. तेव्हाही काटे असतील तर मग राहू द्या."

नर्सबाईने मूल काढले म्हटल्यावर बाकीच्या आयाही कुजबुजू लागल्या. पाळणाघर बंद पडायची वेळ येऊन ठेपली होती. काकांनी फवारायचे औषध आणले, तर मावशींनी ते दारातूनच परत पाठवले. "पोरं गवत तोंडात घालतात. औषध मारलेल्या गवतावर मी त्यांना सोडायची नाही."

मग काकांनी पुढच्या वसंताची तयारी त्यांच्या पद्धतीने केली. थंडी सुरू होण्याआधी त्यांनी हिरवळ कातरून अगदी जमिनीला भिडवली. कापडाचे लोंबते दोरे कापावेत तशी. कडा सरळ, कोपरे काटकोनात. "आता कशी बेतलेली दिसते," असे म्हणून त्यांनी यंत्र झाकून ठेवले.

मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट थंडी. खिळ्यावरून खिडकीतून मला सगळे दिसत होते. गवत पिवळे पडून झोपले होते. ते उंच असते तर त्याच्या सावलीत तणाचे बी दबून राहिले असते. पण आता माती उघडी पडली होती, तिला थेट ऊन मिळत होते. आणि मुलांच्या पायांनी घट्ट झालेल्या, गवत उडालेल्या टकलांवरून बारीक पाने वर येत होती. मी भिंतीवर आपटत राहिले. मावशी आत येऊन म्हणाल्या, "हा खिळा एकदा ठोकून घ्या हो, डोकं उठवलंय."

एका सकाळी त्या दुपटी वाळत घालायला बाहेर आल्या आणि खूश झाल्या. "अहो, बघा तरी. एवढ्या थंडीत आपली हिरवळ कशी हिरवीगार."

काका चष्मा लावून खाली वाकले. बराच वेळ वर उठले नाहीत.

"हे गवत नाही," ते म्हणाले. "टाचणी आहे."

"सगळी?"

"जिथे जिथे हिरवं दिसतंय, तिथे सगळी."

मावशी दुपटे हातात धरून उभ्या राहिल्या. "थंडी आली की माणूस अंगावर घालतं. तुम्ही तिच्या अंगावरचं काढून ठेवलंत."

काका तडक आत आले आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढले. कोळ्याला फुंकर मारली.

त्यानंतर रोज सकाळी दव असताना आम्ही बसायचो. ओल्या मातीतून मूळ अख्खे सुटते. काटे धरायच्या आत एकेक रोप काढायचे, कारण बी पडले की पुढच्या थंडीची तजवीज झाली. गळलेली पाने झाडून काढली, म्हणजे खालचे गवत गुदमरत नाही. घट्ट झालेली माती मी टोकाने मोकळी केली. थंडी ओसरू लागली तशी काकांनी भिंतीकडेच्या गवताच्या मुळे असलेल्या काड्या आणून टकलांवर लावल्या.

"हे काय चाललंय?" मावशींनी विचारले.

"रफू. विरलेली जागा उघडी ठेवली की तिथूनच फाटतं."

यंत्राची पाती त्यांनी वर चढवून घेतली. गवत आता बोटभर उंच राहू लागले.

नर्सबाई यायच्या दिवशी मला चैन नव्हते. झोपाळ्याखालचा कोपरा राहिला होता, हे मला ठाऊक होते, आणि सांगायला मला तोंड नाही. तेवढ्यात काकांनी मला कमरेला खोचले, चपला काढल्या आणि दोन्ही तळवे टेकवून चक्क रांगायला लागले. या कडेपासून त्या कडेपर्यंत. झोपाळ्याखाली त्यांनी एकदम हात मागे घेतला. तळव्यावर रक्ताचा ठिपका होता. मी ते रोप मुळासकट बाहेर काढले.

फाटकाशी नर्सबाई उभी होती, कडेवर चिमुरडी. "काका, हे काय?"

"ट्रायल घेतोय," काका धापा टाकत म्हणाले. "घालून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नसतं. या आता."

तिने त्यांचे हिरवे झालेले गुडघे पाहिले, मग पोरीला खाली ठेवले. गेल्या वर्षी रांगणारी ती आता धावत होती. अनवाणीच ती थेट झोपाळ्याकडे गेली. माझे पाते काकांच्या कमरेशी थरथरले. पोर मटकन खाली बसली, हिरवळीवर आडवी झाली आणि लोळू लागली. नर्सबाईने मावशींना विचारले, "उद्यापासून किती वाजता आणू?"

मित्रांनो, आता पुन्हा थंडी येते आहे. तुमच्या अंगणातही गवत झोपेल, तण झोपणार नाही. गवत फार खाली कापू नका, उघडी माती झाकून घ्या, आणि आमच्यासारख्यांना या दिवसांत खिळ्यावर विसरू नका. पुसून, तेलाचे बोट लावून हाताशी ठेवा. काका अजून उठलेले नाहीत. बाहेर दव पडले आहे, आणि झोपाळ्याच्या पायापाशी मला एक बारीक हिरवे पान दिसते आहे. मी भिंतीवर खटखट करतेच आहे.