ठमीचं तेल

"आये, आज तरी गप बस," डबा उचलत विनोद म्हणाला. "गुडगा परत सुजला तर मला सुट्टी नाय भेटणार."

तो कारखान्यात गेला आणि ठमी पुन्हा दारापर्यंत जाऊन आली. दोन वर्षांपूर्वी पडून गुडघा मोडल्यापासून लेकाने तिला मासवणहून बोयसरच्या खोलीत आणून ठेवलं होतं. खाणं वेळेवर, डोक्यावर पंखा. पण हाताला काम नाही. आणि तिकडे बांधावरच्या कोशिंबाची फळं पिकून गळत असणार. ती आंबट फळं पोरं चोखून टाकायची, बिया ठमी वेचायची. त्या कुटून, उकळून वर आलेलं तेल काढण्यात तिचा जन्म गेला. खरूज असो की धरलेले सांधे, पाड्यावरचं माणूस तिच्याच दारात यायचं.

दुपारी तिला राहवेना. शेजारच्या हेतलकडे चावी देऊन म्हणाली, "विनोदला सांग, घरी गेलेय." लोकलने पालघरला उतरून ती मासवणवरून जाणाऱ्या मनोरच्या एस्टीत बसली. सारा रस्ता तिची चुळबुळ चालू होती.

बांधाशी पोचली, तर झाडाखाली एकही बी नव्हती. सगळ्या तिच्या जावेच्या, रंभाबाईच्या अंगणात वाळत होत्या आणि ती दगडाने त्या फोडत बसली होती.

"माझ्या बिया," ठमी उभ्या उभ्याच म्हणाली.

"तुझ्याच. कुजत होत्या, म्हणून आणल्या. मागल्या साली पण मीच तेल काढलं." रंभाबाईने वर पाहिलं. "तू तिकडं. लोकांनी जावं कुठं?"

 ठमीवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. ती मागे वळली.

तेवढ्यात पाड्यावरची एक नवी सून पोराला कडेवर घेऊन आली. पोराचं डोकं फोडांनी भरलेलं.

"काकी, ठमीचं तेल हाय का? सासू बोलली, तेच आण."

रंभाबाई उठली. आतून बाटली आणली आणि ठमीच्या हातात दिली.

ठमीने तळहातावर थेंब घेतले आणि पोराच्या डोक्याला हलक्या हाताने लावले. रडणारं पोर हळूहळू शांत झालं.

"तुमी कोण?" सुनेने विचारलं.

"मी हिची जाऊ," ठमी म्हणाली आणि दुखरा पाय पसरून बियांच्या ढिगापाशी बसली. रंभाबाईने एक दगड तिच्याकडे सरकवला.