पायाळूची कंबर

"श्वास सोड आन् हालू नको," असं म्हणून रुक्माबाईने उंबऱ्यावर पालथ्या पडलेल्या डोंगरसिंगच्या कमरेवर डावा पाय टेकवला.

डोंगरसिंग शेजारच्या तांड्यावरचा गाडीवान. गाडीत कापूस भरताना त्याच्या कमरेत उसण भरली होती. घाटंजीच्या आसपास अशा माणसाला दवाखान्याआधी पायाळू आठवायचा. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या लाथेला गुण असतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगे. आणि रुक्माबाई म्हणजे नावाजलेली पायाळू. तिच्या उंबऱ्यावर पाटील पालथे पडले होते, एक मास्तर पडला होता, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी एक नवरदेवसुद्धा.

पहिली लाथ बसली, दुसरी बसली. तिसऱ्या लाथेला कट् असा आवाज झाला आणि डोंगरसिंग टुणकन उठला.

"सुटलं बाप्पा! हाड जाग्यावर बसलं पाहा."

पण आवाज त्याच्या कमरेतून आलाच नव्हता. रुक्माबाई चौकट धरून एका पायावर उभी होती आणि दुसरा पाय खाली टेकवायचा तिला धीर होत नव्हता.

खरं तर हे दुखणं त्या दिवशीचं नव्हतं. गेली काही वर्षं नाल्यावरून डोक्यावर घागरी आणताना कमरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत उतरायची. सकाळी खाटेवरून उठताना ती भिंत धरायची. पण सांगणार कुणाला? गावाच्या कमरा नीट करणारीचीच कंबर दुखते म्हटल्यावर तांडा खदखदून हसला असता. रुक्माबाईला उपास चालायचा, ऊन चालायचं, हसणं चालायचं नाही. तिने नवऱ्याला, धावजीलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. धावजीही असा भोळा की बायको भिंत धरून का उठते हे त्याने कधी विचारलं नाही.

आता लपवायला काही उरलं नाही. तिला चौघांनी उचलून खाटेवर टाकलं. धावजी दुसऱ्या दिवशी घाटंजीहून जैबुनबीला घेऊन आला. जैबुनबी बाजारात बांगड्या विकायची. अंगाने चांगली भरलेली, आणि तीही पायाळू. दोघींमध्ये आधीपासून थोडी चुरस होतीच.

"रुक्मा, डर नको गं. माझ्या लातेनं ठाणेदाराची कंबर सुधारली," जैबुनबी म्हणाली.

"रडला होता का ठाणेदार?"

"रडला. मंग सुधारली."

जैबुनबीने बिस्मिल्ला म्हणून लाथ मारली. रुक्माबाईची किंकाळी नाल्यापलीकडे ऐकू गेली. दुसरी लाथ उचलायच्या आत धावजी मध्ये पडला. संध्याकाळपर्यंत रुक्माबाईच्या डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला. जैबुनबी खाटेशी बसून डोळे पुसत होती.

"पायाळूले पायाळूची लात लागू पडत नसंल गं," तिने शेवटी निदान केलं. धावजीने गंभीरपणे मान हलवली.

रुक्माबाईला मात्र एकच गोष्ट खात होती. दिवाळीच्या सुमारास घरात नातू झाला होता. मुलाच्या, भीमसिंगच्या लग्नाला किती वर्षं उलटली, किती नवस झाले, तेव्हा कुठे सून बिजलीबाईची कूस उजवली. बंजाऱ्यांत मुलाच्या पहिल्या होळीला धुंड करतात. अंगणात खुंटे ठोकून त्यांना गोडधोडाचे हंडे बांधायचे. गेरिया, म्हणजे तांड्यातले पुरुष, ते खुंटे उपटायला येतात आणि बाया काठ्या घेऊन त्यांना झोडपून काढतात. दुसऱ्यांच्या पोरांच्या धुंडीला रुक्माबाईने आजवर पुढे राहून काठी चालवली होती. आता आपल्या नातवाची धुंड, आणि आपण खाटेवर आडवं पडून बघायची?

तिची धाकटी जाऊ रुपीबाई विचारपूस करायला आली ती हेच बोलली.

"तू आराम कर, बाई. धुंडीले म्होरं मी राहीन. तू खाटेवरून पाह्यजो."

बोलण्यात माया होती आणि डोळ्यांत चमक होती. रुपीबाईचा पाय अंगणाबाहेर पडतो न पडतो तोच रुक्माबाईने हाक मारली, "भीम्या, गाडी जुंप. मले यवतमाळले ने."

घाटंजीपर्यंत बैलगाडी आणि पुढे मोटार. वाटेतला प्रत्येक दगड तिच्या कमरेने मोजला. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. जरासा उचलला तोच ती ओरडली. मग तिला कुशीवर वळवून त्यांनी कमरेवरचा काळानिळा डाग बघितला.

"हे काय? कोणी मारलं?"

"मारलं नाही, औषध केलं," धावजी म्हणाला.

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "बाई, पाठीच्या दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते. तुमची गादी फुगून बाहेर आली आहे आणि पायाकडे जाणाऱ्या नसेला दाबते आहे. म्हणून कळ पायात उतरते."

"मंग तुमी ढकला ना तिले आत."

"ती ढकलून जात नाही. जपलं तर हळूहळू ओसरते. कंबर पहिल्यासारखी होईल असं मी म्हणणार नाही. पण कामाची होईल."

"होळीले उभी राहीन का मी?"

"मी सांगतो तसं वागलात तर राहाल. आणि लाथ बंद. घ्यायची नाही आणि द्यायचीही नाही."

परतीच्या मोटारीत तिला डॉक्टरांचं शेवटचं वाक्य डाचत होतं. दुखणं तिने सोसलं असतं. पण लाथ बंद म्हणजे रुक्माबाईकडे कुणी यायचंच बंद, असं तिला वाटत होतं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर खाट गेली आणि लाकडी फळी आली. पहिले काही आठवडे निव्वळ पडून राहणं. बिजलीबाई तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून कमरेखाली द्यायची. उठायचं ते आधी कुशीवर वळून, मग हाताने रेटा देऊन. खालची वस्तू घ्यायची ती कमरेत न वाकता, गुडघ्यात बसून. थोडं बरं वाटल्यावर पोटावर झोपून हातांच्या आधाराने छाती उचलायची. हा शेवटचा प्रकार ती अंगणात करायची, आणि जाणारा-येणारा थांबायचाच.

"काय वो रुक्माबाई, जमीन हुंगून राह्यली काय?"

"तुह्या बापाची हाये का, ते पाहून राह्यली!"

माघात अंगठ्यात जाणीव आली. तिला इतका आनंद झाला की तिने कुणाला न सांगता भरलेली घागर उचलली, आणि तिथेच खाली बसली. पुन्हा फळी, पुन्हा वीट. त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून रडली. होळी गेली असंच तिला वाटलं. धावजी उशाशी येऊन बसला.

"इतके वर्स दुखत होतं, मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी हासले असते."

धावजीने खरंच विचार केला. "हासलो असतो," तो म्हणाला, "मंग पाणी आणलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून तो खांद्यावर घागर घेऊन नाल्यावर जाऊ लागला. बायांच्या घोळक्यात हा मिशीवाला एकटा पुरुष! तांडा पोट धरधरून हसला. धावजी पाणी आणत राहिला. नवरा हसणं इतकं सहज अंगावर घेतो हे बघून रुक्माबाईला आपल्या इतक्या वर्षांच्या लपवालपवीची लाज वाटली, आणि नवऱ्याचा अभिमान वाटला. मग तिने घाई केली नाही. कळ कधी येते, किती वेळ उभं राहिलं की पाय जळजळतो, कोणत्या कुशीवर शमतो, सगळं तिने ओळखून घेतलं. दुखणं गेलं नाही, पण त्याच्या खोडी तिला कळल्या.

होळी आली. अंगणात खुंटे ठोकले, हंडे बांधले. बाया काठ्या घेऊन जमल्या. रुपीबाई पदर खोचून पुढे झाली तोच रुक्माबाई बाहेर आली आणि मुख्य खुंट्याशी उभी राहिली.

"याडी, तुले वाकता येत नाही," भीमसिंग आईसाठी कळवळला.

"खुंटा उपटाले वाकतं कोण? गेरिया. मले निस्तं उभंच राहायचं हाये."

गेरियांनाही वाटलं, म्हातारीची बाजू कच्ची. सगळे तिच्याच खुंट्यावर तुटून पडले. रुक्माबाई जागची हलली नाही. गुडघे किंचित सैल, पाठ ताठ. जो वाकला त्याच्या ढुंगणावर काठी बसली. धुंडीसाठी आलेला डोंगरसिंग दोनदा वाकला आणि दोनदा बोंबलला, "बाई, तुमची लात परवडली!" बाया हसून हसून लोळायच्या बेतात आल्या. रुपीबाई तर हसता हसता जावेच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली आणि मागून येणाऱ्यांना चोपू लागली. दोघींनी मिळून खुंट्याला कुणाचा हात लागू दिला नाही.

सूर्य मावळायला आला तेव्हा तांड्याचे नायक, म्हातारे पूनमसिंग, हात जोडून पुढे आले. "रुक्मा, सोड आता. पोरं भुकेली झाली."

"मांगून घेता, तर न्या," ती म्हणाली आणि बाजूला झाली. गेरियांनी खुंटा उपटला, हंडा फुटला, पोरांनी पुऱ्यांवर झडप घातली. डफ वाजू लागला. बिजलीबाईने बाळ आणून सासूच्या हातात दिलं. भोवती गेरिया जमले, बाळावर काठ्यांचा मांडव धरून त्याला दीर्घायुष्य चिंतणारी गाणी म्हणू लागले.

रुक्माबाईचा डावा पाय जळजळायला लागला होता. तिने भार उजव्या पायावर घेतला. भीमसिंगच्या नजरेतून ते सुटलं नाही. तो धावत जाऊन खाट घेऊन आला.

"याडी, बस आता."

"घरात ने ते खाट," बाळाला छातीशी घेत ती म्हणाली. "लोकायले नाचाले जागा लागते."